समुद्र दिसणारं टेबल

नाट्यसमीक्षकांचा मला फार हेवा वाटतो. फुकटचा पास, पुढची रांग, मध्यंतरात निर्मात्याच्या खर्चानं बटाटेवडा, आणि एवढं सगळं पदरात पाडून घेतल्यावर दुसऱ्या दिवशी 'दुसरा अंक सैल पडला' असं छापायला गडी मोकळा! आमच्यासारख्या बँकेतल्या कारकुनाला जगात कुठंच मत द्यायची मुभा नसते. काउंटरवर बसून मी फार तर 'सही जुळत नाही' इतपत मत देऊ शकतो, आणि तेही साहेबांना विचारून. घरी तेवढीही सोय नाही. म्हणून मी माझ्यापुरतं एक क्षेत्र शोधून काढलं. तिथं पास मिळत नाही, पण पदरचे पैसे मोजले की वाट्टेल ते मत देता येतं. मी समुद्रकाठच्या मासळीच्या खानावळींचा समीक्षक आहे. नेमणूक माझी मीच केलेली आहे.

पात्रता विचाराल तर बी. कॉम., दुसरा वर्ग. अनुभव म्हणाल तर २०१३ ते २०१६ अशी तीन वर्षं मी मालवणात बदलीवर काढली. बिऱ्हाड डोंबिवलीला आणि पोट मालवणला, अशी ती विभागणी होती. बदलीचा कागद आला तेव्हा हिनं कपाळाला हात लावला आणि शाखेतल्या मंडळींनी 'मजा आहे बुवा तुमची!' म्हणून माझ्या पाठीत धपाटे घातले. मजा म्हणजे मासे, हे सांगायला नकोच. आमच्या डोंबिवलीकरांचं माशांबद्दलचं ज्ञान सुरमई आणि पापलेट इथं सुरू होऊन पापलेट आणि सुरमई इथं संपतं. मीही त्याच विद्यापीठाचा.

पहिल्याच दिवशी आमच्या शाखेतल्या शिपायानं मला दांडीच्या किनाऱ्यावर एका घरापाशी नेऊन सोडलं. पाटी नव्हती. पुढच्या पडवीत चार बाकडी आणि एका खांबाला टांगलेलं कॅलेंडर. घराच्या मागच्या दारी चार माड, मग वाळू, मग समुद्र, आणि समुद्रात समोरच सिंधुदुर्ग किल्ला. म्हणजे शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्याचं बांधकाम काढलं तो किल्ला मागच्या दाराशी उभा, आणि आम्ही जेवणारे सगळे रस्त्याकडं तोंड करून, समुद्राला पाठ दाखवून बसलेलो. मला हे फारच अरसिकपणाचं वाटलं. मी मावशींना म्हटलं (त्यांना सगळेच मावशी म्हणत, त्यांच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा), "मावशी, ही बाकडी मागच्या बाजूला टाका की. समुद्र दिसेल."

मावशी वाढता वाढता थांबल्या. "तो खय जाता? तुमी जेवा."

बरोबरच होतं म्हणा. ज्या घरातली माणसं पहाटेपासून त्या समुद्राशी झटापट करून येतात, त्यांनी जेवताना पुन्हा त्याचंच तोंड कशाला बघायचं? मी तरी काय समोर कॅशची खिडकी टांगून जेवतो?

"सुरमई आहे?" मी विचारलं.

"इसवण? नाय गावली."

"पापलेट?"

"नाय."

"मग आहे काय?"

"बांगडो."

आमच्याकडं पाहुणा आला आणि त्याला बांगडा वाढला, तर तो पाहुणा नात्यातून गेला असं समजायचं. मी नाइलाजानं ताटावर बसलो. उकड्या तांदळाचा जाडा भात, त्यावर बांगड्याचं तिखलं, वाटीत सोलकढी. तिखल्यात हिरव्या-काळ्या रंगाचं काहीतरी टरफलासारखं तरंगत होतं. ते मी भक्तिभावानं चावलं. पुढची पाच मिनिटं माझी जीभ माझ्याकडं नव्हती. मुंग्यांचं वारूळ फुटावं तशी ती झिणझिणत होती, आणि शेजारच्या बाकड्यावरचे दोन खलाशी माझ्याकडं बघून मान खाली घालून हसत होते. ते तिरफळ होतं. ते खायचं नसतं, त्याचा वास घ्यायचा असतो, हे मला तिथं कळलं. बांगडा, तारली हे तेलकट मासे. त्यांच्या तेलाचा उग्रपणा मोडायला तिरफळ लागतं. सुरमईला ते लागत नाही. सुरमई मुळातच सोज्वळ. जीभ परत आल्यावर मी पहिला घास घेतला, आणि डोंबिवलीत चाळीस वर्षं न केलेल्या चुका डोळ्यांसमोरून गेल्या. वय तेव्हा चाळीस नव्हतं, पण चुका तेवढ्या जुन्या वाटल्या.

पुढची तीन वर्षं मी त्या खानावळीत मेनू हा शब्द उच्चारला नाही. "आज काय?" एवढंच विचारायचं. उत्तर मावशींच्या हातात नसे, ते रापणीच्या हातात असे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलं मोठं जाळं. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळ घालत ते सोडायचं, आणि मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगांनी दोर धरून ते वाळूवर खेचत आणायचं. जे सापडेल त्याचे वाटे पडतात. मावशींच्या घराचा एका रापणीत वाटा होता. त्यामुळं सोमवारी बांगडे, मंगळवारी पेडवे, बुधवारी तारली, कधी मुडदुशी, कधी नुसते तिसरे, आणि एखाद्या दिवशी "आज काय एक गावूक नाय" असं म्हणून डाळीबरोबर सुका जवळा. जून-जुलैत सरकारी मासेमारीबंदी आणि खवळलेला दर्या, तेव्हा खारवलेला बांगडा. तक्रार करायची सोयच नव्हती, कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तो मागच्या दाराशी गर्जत असे.

त्या काळात माझ्या समीक्षेचा पाया पक्का झाला. लोक विचारतात, हॉटेल समुद्रापासून किती लांब? मी म्हणतो, फुटांत विचारू नका, तासांत विचारा. बांगडा हा फार मानी मासा आहे. सकाळी निघाला तर दुपारी तव्यावर पडला पाहिजे. संध्याकाळपर्यंत ताटकळवलात तर तो रुसतो, आणि दुसऱ्या दिवशी तर सूड घेतो. त्याच्या तेलाला धीर नाही. सुरमईचं तसं नसतं. ती बर्फात चार दिवस सरकारी पाहुण्यासारखी राहते. शिवाय ती हिशेबाला सोयीची. एक मोठी सुरमई घेतली की तिच्या सारख्या मापाच्या पंधरा-वीस तुकड्या पडतात, प्रत्येक तुकडीची किंमत ठरवता येते, मधल्या एका काट्याखेरीज खाणाऱ्याला त्रास नाही. बांगडा मात्र आख्खा वाढावा लागतो, डोक्यासकट. लहानमोठा असतो, काट्यांचा असतो, आणि दोन बांगडे एकसारखे नसतात. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला सुरमईचा मोठेपणा मान्य आहे. ती माशांतली मुदत ठेव आहे. पण म्हणूनच सुरमईवरून खानावळीची परीक्षा होत नाही. ती बांगड्यावरून होते. ज्या खानावळीचा बांगडा चांगला, तिची मागच्या दाराशी समुद्राशी रोजची बोलाचाली आहे असं खुशाल समजावं.

आता माझा अपराध सांगतो.

सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला १९९७ साली, आणि १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. मालवणला स्टेशन नाही, पण कुडाळला उतरून माणसं यायला लागली. तारकर्लीची वाळू, देवबागची खाडी, पाण्यात बुडी मारून प्रवाळ बघणं हे सगळं पुढं वाढत गेलं. माझ्या मुक्कामाच्या शेवटाशेवटाला मावशींचा मुलगा एक दिवस बँकेत आला. म्हणाला, तारकर्लीला लोक समुद्राकडं तोंड करून जेवायला दुप्पट पैसे देतात, आणि आमचा समुद्र फुकट पडलाय. मागच्या अंगणात पत्र्याची शेड घालायची, लादी बसवायची, टेबलं टाकायची. २०१५ साली मुद्रा योजना नुकतीच आली होती. तीन लाख रुपये, पाच वर्षांची परतफेड. अर्ज भरायला अर्थात मी.

अर्जासोबत प्रकल्प अहवाल लागतो. 'उत्पादनाचे स्वरूप' असा त्यात एक रकाना असतो. मी मावशींना विचारलं, "मावशी, काय काय करणार ते सांगा. लिहायचंय."

"जा काय गावात ता," मावशी म्हणाल्या.

जे मिळेल ते! याच्याइतकं खरं उत्तर आमच्या शाखेत आजवर कुणी दिलं नसेल. पण सरकारी योजनेच्या रकान्यात 'जे मिळेल ते' असं लिहिता येत नाही. साहेबांनी अर्ज माझ्याच डोक्यावर आपटला असता. रोजचा खप, दर, ३६५ दिवसांचं उत्पन्न, हे सगळं आकड्यांत दाखवावं लागतं. आणि वर्षाचे ३६५ दिवस एकाच मापात, एकाच दरात कोणता मासा मिळतो? मी लिहिलं: सुरमई थाळी. त्याखाली पापलेट थाळी आणि कोळंबी थाळी. रोज इतक्या, महिन्याला इतक्या. अक्षर माझं चांगलं आहे. कर्ज मंजूर झालं. मावशींनी फळकुटावरून उतरवून मला पिशवीभर सुके बांगडे दिले, आणि २०१६ साली मी बदली होऊन डोंबिवलीला परत आलो.

त्यानंतर एकदम गेलो तो २०२४ च्या डिसेंबरात, सहकुटुंब. बरोबर पुण्याचा मेव्हणा आणि त्याची बायको. हा मेव्हणा हॉटेलात शिरल्यावर आधी जेवणाचा नाही, टेबलाचा विचार करतो. "भावोजी, आपल्याला अगदी समोरचं हवं. मधे कुणी नको." मधे कुणी म्हणजे आपण आणि अरबी समुद्र यांच्यामधे. मी म्हटलं, चल, तुला माझ्या हक्काच्या ठिकाणी नेतो.

हक्काचं ठिकाण मला आधी सापडेना. जिथं पाटी नव्हती तिथं आता रात्री दिवे लागणारी पाटी होती. नाव इंग्रजीत, आणि खाली सुरमईचं चित्र. चित्रातली सुरमई हसत होती. जुनी पडवी बंद करून तिथं कोठीची खोली केलेली, आणि मागच्या अंगणात समुद्राकडं तोंड केलेली टेबलं. माड तेवढे होते, त्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या. टेबलांसाठी रांग होती, म्हणजे जी टेबलं समुद्र दाखवतात त्यांच्यासाठी. उरलेली रिकामी होती. तिथं बसायला कुणी तयार नव्हतं; जणू तिथं वेगळ्या देशाचा मासा वाढत होते. आम्ही पाऊण तास उभे राहिलो. या पाऊण तासात सूर्य किल्ल्यापलीकडं बुडून गेला, आणि शेवटी अगदी समोरचं टेबल मिळालं तेव्हा समुद्राच्या जागी फक्त काळोख आणि आवाज होता. मेव्हण्यानं तरीही त्याचा फोटो काढला.

मेनूकार्ड आलं आणि माझ्या पोटात धस्स झालं. सुरमई थाळी. पापलेट थाळी. कोळंबी थाळी. क्रमसुद्धा माझाच.

आता समीक्षकाचं काम. सुरमईची तुकडी दिसायला देखणी होती. वर रव्याचं चिलखत इतकं जाड की आतला मासा लढाईवर निघाला असावा. मासा वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, टीका सोपी गेली असती. तो नुसता गप्प होता. बर्फातल्या मुक्कामात त्याचा स्वभाव गेला होता. चव विचारली तर 'वरिष्ठांना विचारून सांगतो' म्हणेल, असा चेहरा. कालवण सगळ्या थाळ्यांना एकच, सुरमई असो की कोळंबी. आमच्याकडं याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. ज्याचं खातं ठरत नाही ते सगळं त्यात लोटायचं. भात लांब दाण्याचा, पांढराशुभ्र, मोकळा, आणि कालवण अंगाला लावून न घेणारा. जाडा उकडा भात कालवण पितो. हा त्याला नमस्कार करून बाजूला उभा राहतो.

सोलकढीचा घोट घेतला आणि मी थांबलो. हॉटेलातली सोलकढी हल्ली लाल कपड्याचा रंग गेल्यासारखी भडक असते. ही फिकट गुलाबी होती. आमसुलं वेळ देऊन भिजवलेली, नारळाचा दाट रस, वाटलेली लसूण बेताची. हा हात मला ओळखीचा होता. ही एक गोष्ट मेनूवर नव्हती, थाळीबरोबर फुकट होती, आणि ती तेवढी अजून कुणी सुधारली नव्हती.

हात धुवायला म्हणून मी आत गेलो, आणि कोठीच्या दाराशी तो वास आला. तिरफळाचा. जिभेला नुसत्या आठवणीनं मुंग्या आल्या.

आत मावशी जुन्याच बाकड्यावर बसून जेवत होत्या. केस पांढरे झालेले, चष्मा आलेला. समोर दोन वाढपी पोरं. सगळ्यांच्या ताटात उकडा भात आणि बांगड्याचं तिखलं.

"बँकवाले? कदी इलात?" मावशींनी मला एका क्षणात ओळखलं. बँक आपल्या ऋणकोला विसरते. ऋणको बँकेला विसरत नाही.

मी म्हटलं, "मावशी, हे बाहेर का नाही देत?"

"भायर कोण खाता? काटे आसत म्हणतत. पोरांका इसवण व्हयी. आणि तुमीच लिवलात ना बँकेच्या कागदार? इसवण थाळी म्हणान. मगे व्हयी ना रोज?"

मी गप्प. कर्जाच्या कागदावरचा शब्द त्यांनी शपथेसारखा पाळला होता. २०२० साली पर्यटक बंद झाले, सहा महिने हप्ते थांबवावे लागले, तरी पुढं सगळे हप्ते फेडले आणि खातं बंद केलं.

"कर्ज फिटलां," मावशी म्हणाल्या, "पण इसवण काय फिटाक नाय."

मग त्यांनी हिशेब सांगितला. तो कुठल्याही प्रकल्प अहवालात बसणारा नव्हता. सुरमई रोज लागते, आणि ती समोरच्या दर्यात रोज मिळत नाही. म्हणून ती बर्फाच्या खोक्यांतून येते, कधी रत्नागिरीहून, कधी कर्नाटकातल्या मालप्याहून. गाडी रात्री येते. इथला बांगडा मिळाला तर संध्याकाळच्या लिलावातून उचलून त्याच रस्त्यानं कोल्हापूरच्या गाडीत जातो. घाटात कुठंतरी दोघांच्या गाड्या शेजारून जात असतील. महाराष्ट्रात २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले, २०१७ साली केंद्रानं एलईडीच्या उजेडात मासे गोळा करण्यावर बंदी घातली. कागद सगळे झाले. "तरी रापणीक पयल्यासारख्या गावाक नाय," मावशी म्हणाल्या. पूर्वी त्यांचा समुद्र त्यांना रोज काय रांधायचं ते सांगायचा. आता ते बाहेर टेबलावर बसलेली माणसं सांगतात, त्याच समुद्राकडं बघत बघत.

बाहेरच्या माणसांना नावं ठेवायला मी कोण? त्यांच्या पैशांवर शेड उभी राहिली, मुलगा मुंबईला न जाता गावात राहिला, दोन पोरांना काम मिळालं. आणि सुरमई मागणाऱ्या त्या रांगेत पाऊण तास मीसुद्धा उभा होतो. माझी मुलगी काटा दिसला की ताट सरकवते. तिला बांगडा कधी मी खायला शिकवला?

"बसा मगे," मावशींनी बाकड्यावर सरकून जागा केली. "एक बांगडो आसा."

मी बसलो. समोर भिंत, भिंतीवर कॅलेंडर, पाठीमागं समुद्र. मी डोक्याकडून सुरुवात केली, तिरफळं ताटाच्या कडेला ओळीनं लावली, काटे चोखले. बाहेरून मेव्हण्याच्या 'भावोजी, भावोजी' अशा हाका येत होत्या. मी ऐकल्या नाहीत. मध्येच उठून मुलीला बोलावून आणलं. ती दारात उभी राहून नाक मुरडत बघत होती. मी काटा काढून एक घास तिच्या तोंडात दिला. तिनं तो गिळला. म्हणाली, "तिखट आहे." मग थोड्या वेळानं, "अजून आहे?" नव्हता. एकच होता.

बिलाच्या वेळी मावशींचा मुलगा छोटं यंत्र घेऊन आला. मी म्हटलं, "माझा एक बांगडा लाव."

त्यानं यंत्रावर बोट वरखाली फिरवलं. "काका, बांगड्याचो बटन नाय ह्यात."

"मग कुठल्या खात्यात घालणार?"

तो आत जाऊन विचारून येण्याआधीच मावशींचा आवाज आला, "इसवण म्हणान लिव रे! त्येंका सवय हा!"

मेव्हण्यानं बिल हातात घेतलं आणि दिव्याखाली धरून वाचलं. मग माझ्या कानाशी लागून म्हणाला, "भावोजी, माणसं पाच आणि सुरमई थाळ्या सहा. एक जास्तीची लावलीय. बोलू का?"

"बोलू नकोस," मी म्हणालो. "सहावी मी लिहिलेली आहे."